रुग्णाच्या खाटेपासून दूर

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची साथ ही महासाथ असल्याचे घोषित केले आणि २५ मार्चपासून भारतात देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. त्याच महिन्यात वैद्यकीय महाविद्यालयांतील वर्ग बंद पडले, वसतिगृहे रिकामी झाली आणि आंतरवासिता करणारे विद्यार्थी व निवासी डॉक्टर वगळता बाकीची मुले आपापल्या गावी परतली. देशाला डॉक्टरांची गरज सर्वांत अधिक असताना डॉक्टर होऊ पाहणाऱ्या हजारो मुलामुलींना रुग्णालयाच्या दारातून परत पाठवावे लागले, हा त्या काळातील मोठाच विरोधाभास होता. संसर्गाचा धोका आणि संरक्षक पोशाखांची टंचाई लक्षात घेता तो निर्णय त्या क्षणी चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही. परंतु पुढे जे घडले, आणि जे घडावयास हवे असूनही घडले नाही, त्याचा हिशेब अद्याप कोणी मांडलेला नाही.

महाविद्यालये बंद झाली तरी अभ्यासक्रम थांबला नाही, तो पडद्यावर गेला. व्याख्याने ऑनलाइन झाली, प्रात्यक्षिकांच्या चित्रफिती पाठविण्यात आल्या, तोंडी परीक्षाही अनेक ठिकाणी दूरध्वनीच्या छोट्या पडद्यावर उरकल्या गेल्या. पाठोपाठ सर्वेक्षणांचे पीक आले. देशोदेशीच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना प्रश्नावल्या पाठविल्या : ऑनलाइन शिक्षणाबाबत आपण किती समाधानी आहात? आपणास ताण जाणवतो काय? उत्तरे संमिश्र आली. व्याख्यान पुन्हा पाहता येते, प्रवासाचा वेळ वाचतो, म्हणून पुष्कळांनी समाधान व्यक्त केले. प्रत्यक्ष रुग्ण दिसत नाही, एकाग्रता राहत नाही, परीक्षेचा भरवसा नाही, म्हणून पुष्कळांनी ताणाची कबुली दिली. एकाच विद्यार्थ्याने दोन्ही लिहिल्याचीही उदाहरणे विरळ नव्हती.

या उत्तरांतून दोन सोयीस्कर निष्कर्ष काढले जातात. व्यवस्थापनांचा निष्कर्ष असा की, विद्यार्थी बऱ्यापैकी समाधानी होते, तेव्हा हा प्रयोग पुढेही चालू ठेवावा. उपदेशकांचा निष्कर्ष असा की, विद्यार्थी तणावग्रस्त होते, तेव्हा त्यांना योगासने व समुपदेशन द्यावे. योगासनांशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. परंतु हे दोन्ही निष्कर्ष मूळ प्रश्नाला बगल देतात.

समाधान कोणाचे मोजले?

लोकांना ‘तुम्ही कसे आहात’ असे विचारून त्यांची स्थिती कळते काय, हा अर्थशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात आरोग्याची एक पाहणी झाली होती. तिच्यात ४८.५ टक्के विधुरांनी आपण आजारी असल्याचे किंवा आपली प्रकृती यथातथा असल्याचे सांगितले. विधवांमध्ये हे प्रमाण अवघे २.५ टक्के होते. विधवांची प्रकृती विधुरांहून चांगली होती, असा याचा अर्थ कोणी करणार नाही. आपल्या प्रकृतीविषयी तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला आहे, हेच त्या स्त्रियांना ठाऊक नव्हते. अमर्त्य सेन यांनी या पाहणीचा दाखला वारंवार दिला आहे. केरळमध्ये लोक आजारपणाची नोंद अधिक करतात आणि बिहारमध्ये कमी, पण आयुर्मान मात्र केरळचे जास्त, हेही त्यांनीच निदर्शनास आणले. ज्याला कमी मिळण्याची सवय झालेली असते तो थोडक्यात समाधान मानतो, आणि ज्याला अधिक काय मिळू शकते हे कळलेले असते तो असमाधानी असतो.

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या समाधानालाही हाच न्याय लावावयास हवा. जो विद्यार्थी वॉर्डात कधी उभाच राहिला नाही, त्याला वॉर्डात काय शिकता आले असते हे कसे कळावे? पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलाला पडद्यावरचे व्याख्यान पुरेसे वाटणे स्वाभाविक आहे. अंतिम वर्षाचा विद्यार्थी अस्वस्थ असतो, कारण काही महिन्यांतच आपल्या हाती माणसाचा जीव सोपविला जाणार आहे, हे त्याला उमगलेले असते. त्याची अस्वस्थता हा शिक्षणाचा दोष मानावयाचा की विवेकाचे लक्षण?

दुसरी अडचण त्याहून साधी आहे. ही सर्वेक्षणे बहुतांशी ऑनलाइनच झाली. ज्याच्याजवळ फोन होता, ज्याच्या गावात संपर्काची लहर पोहोचत होती, त्याने प्रश्नावली भरली. जो चार दिवसांतून एकदा टेकडीवर जाऊन धडे उतरवून घेत होता, त्याचे मत मोजले जाण्याची शक्यता मुळातच कमी. पाण्याचा पुरवठा समाधानकारक आहे काय, हे ज्यांच्या घरी नळ आहे त्यांनाच विचारण्यासारखा हा प्रकार झाला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार शहरी भागातील ४२ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती, ग्रामीण भागात ती सुमारे १५ टक्के कुटुंबांत होती. संगणक शहरातील २३ टक्क्यांच्या आसपास घरांत होता, खेड्यातील जेमतेम ४ टक्के घरांत. वैद्यकीय विद्यार्थी सर्वसाधारण कुटुंबांपेक्षा सुस्थितीतील घरांतून येतात, हे खरे. पण शासकीय महाविद्यालयांतून जी शेतमजुरांची, आदिवासींची, भटक्या-विमुक्तांची मुले मोठ्या कष्टाने पोहोचली आहेत, त्यांच्याबाबत ही सरासरी फारशी दूरची नाही. त्यांच्यासाठी वसतिगृह म्हणजे निव्वळ निवारा नव्हता. तेथे दिवा होता, टेबल होते, वाचनालय होते, वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून मिळणारी जुनी पुस्तके होती. वसतिगृह बंद झाले तेव्हा शिक्षणातील जी थोडीफार समता शासनाने उभी केली होती, तीही त्याच दिवशी बंद झाली. घरी परतलेल्या मुलीच्या वाट्याला तर अनेकदा स्वयंपाकघर आले, आणि व्याख्यानाची वेळ व चुलीची वेळ एकच ठरली.

ताणाची मुळे

विद्यार्थ्यांवरील ताण महासाथीने प्रथमच आणला असे नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात २७.२ टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य वा नैराश्याची लक्षणे आढळली होती. साथ ओसरून गेल्यावर राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कृतिगटाने २०२४ मध्ये जो अहवाल दिला, त्यात पदवीच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपणास मानसिक विकार असल्याचे नमूद केले आहे. तीही पाहणी ऑनलाइन आणि ऐच्छिक होती; त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून त्यांची काटेकोर तुलना करू नये. पण साथीच्या आधीही आणि नंतरही हा प्रश्न गंभीरच आहे, एवढे त्यांतून निश्चित दिसते. तेव्हा साथीने काय केले? आधीच वाकलेल्या खांद्यावर तिने अनिश्चिततेचे ओझे टाकले.

ही अनिश्चितता आकाशातून पडली नव्हती. पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा १८ एप्रिल २०२१ रोजी व्हावयाची होती. ती तीन दिवस आधी पुढे ढकलण्यात आली. ३ मे रोजी केंद्र शासनाने ती आणखी किमान चार महिने लांबविल्याचे सांगितले. अखेर ती ११ सप्टेंबरला झाली. निकालानंतर आरक्षणाच्या वादात प्रवेशप्रक्रिया अडकली आणि ती सुरू व्हावयास जानेवारी २०२२ उजाडला. जवळजवळ एक संपूर्ण तुकडी रुग्णालयांत दाखल होऊ शकली नाही, आणि आधीच्या तुकडीतील निवासी डॉक्टर तिचेही काम करीत राहिले. दिल्लीतील निवासी डॉक्टर २०२१ च्या अखेरीस रस्त्यावर उतरले ते याच कारणाने. या मुलांना ‘ताणाचे व्यवस्थापन’ शिकविण्यापूर्वी परीक्षांचे व्यवस्थापन कोणी शिकावयास हवे होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

त्याच ३ मेच्या निर्णयात आणखी एक गोष्ट होती. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली दूरध्वनीवरून सल्ला देण्यासाठी आणि सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी कामास लावण्याची मुभा देण्यात आली. म्हणजे जे विद्यार्थी वर्षभर पडद्यासमोर बसले होते, तेच आता पडद्याआडून रुग्णांना धीर देणार होते. निकडीच्या वेळी असे निर्णय घ्यावे लागतात, आणि विद्यार्थ्यांनी त्या काळात केलेले काम अभिमानास्पद आहे. पण ज्यांच्याकडून सेवा घेतली त्यांचे हुकलेले शिक्षण भरून देणे, हे त्या सेवेचे किमान मोल होते.

याशिवाय पैशाचा प्रश्न होताच. खासगी महाविद्यालयांची वार्षिक शुल्के अनेक लाखांच्या घरात आहेत. प्रयोगशाळा, ग्रंथालय, वॉर्ड यांचा वापर न होताही पालकांना ती भरावी लागली, आणि त्याच काळात कित्येक पालकांचे धंदे बुडालेले होते, पगार कापले गेले होते. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाला पडद्यावरील प्रत्येक व्याख्यान किती रुपयांना पडले, याचा हिशेब त्याच्या मनात सतत चालू असणार. ‘असमाधान’ या शब्दात हा हिशेबही दडलेला असतो.

पडद्यावर काय येते, काय येत नाही

ऑनलाइन शिक्षणाला सरसकट विरोध करणे शहाणपणाचे नाही. शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, औषधशास्त्र यांतील संकल्पना एखाद्या उत्तम शिक्षकाने पडद्यावरून समजावून दिल्या, तर शंभर-दीडशे मुलांच्या सभागृहात मागच्या बाकावर बसून ऐकलेल्या रटाळ व्याख्यानापेक्षा त्या अधिक चांगल्या कळू शकतात. न समजलेला भाग पुन्हा ऐकता येतो. मुंबईतील नामवंत प्राध्यापकाचा पाठ गडचिरोलीतील विद्यार्थ्याला मिळू शकतो. ही लहान गोष्ट नव्हे, आणि पुरोगामी विचाराच्या माणसाने तंत्रज्ञानाकडे संशयानेच पाहावे असा नियम नाही.

पण वैद्यकाचा गाभा व्याख्यानात नाही. शवविच्छेदनाच्या टेबलाशी विद्यार्थ्याला केवळ मज्जातंतूंची नावे कळत नाहीत. माणसाचे शरीर प्रत्येक वेळी पुस्तकातल्या चित्राहून थोडे निराळे असते, हे त्याला तेथे कळते. वाढलेली प्लीहा बोटांना कशी लागते, छातीत पाणी झाले असता बोटांनी ठोकल्यावर आवाज कसा बद्द येतो, हृदयाच्या झडपेतून येणारी कुरकुर नेहमीच्या ठोक्याहून कशी वेगळी असते, हे चित्रफितीत पाहून येत नाही. दहा रुग्ण तपासले की अकराव्याला थोडे कळू लागते. रुग्णाची हकीकत घेणे ही तर त्याहून अवघड कला. शेतात राबणारी बाई ‘अंगात कणकण आहे’ म्हणते तेव्हा तिला नेमके काय होते आहे, ती घरून कोणती गोष्ट लपवून आली आहे, औषधाला पैसे नाहीत हे ती कोणत्या शब्दांत सांगते, याचे शिक्षण वॉर्डातच मिळते. मृत्यूची वार्ता नातेवाइकांना कशी सांगावी, हे वरिष्ठांच्या मागे उभे राहूनच विद्यार्थी शिकतो.

दुर्दैवाचा भाग असा की, हा आघात नेमका सुधारणेच्या तोंडावर झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून भारतात क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला होता. घोकंपट्टीऐवजी कौशल्य, पहिल्या वर्षापासून रुग्णाशी परिचय, वृत्ती, नीती व संवाद यांचे रीतसर शिक्षण, ही त्याची सूत्रे. त्या पहिल्याच तुकडीला आठ महिनेही पुरे होण्याआधी घरी जावे लागले. त्यानंतरच्या तुकडीचे प्रवेश इतके लांबले की, तिचे वर्ग १ फेब्रुवारी २०२१ रोजी सुरू झाले आणि दोन-अडीच महिन्यांतच दुसरी लाट येऊन धडकली. संवाद शिकण्याचा तास, आणि समोर माणूसच नाही, अशी अवस्था झाली.

आणि महाविद्यालये डिसेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने उघडली तेव्हाही वॉर्ड पूर्वीचे राहिले नव्हते. मुंबईचे नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्येच कोविडसाठी राखून ठेवण्यात आले होते. नेहमीचे रुग्ण मोठ्या रुग्णालयांतून दिसेनासे झाले होते. देशात २०१९ मध्ये क्षयाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, ती २०२० मध्ये १८ लाखांवर आली. क्षयरोग कमी झाला नव्हता. रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचत नव्हता. म्हणजे विद्यार्थ्याला न दिसलेला रुग्ण आणि उपचाराविना राहिलेला रुग्ण हा एकच माणूस होता. विद्यार्थ्यांचे नुकसान आणि गोरगरिबांचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे यावरून ध्यानात यावे.

नियमांचे दुहेरी माप

प्रत्यक्ष शिक्षणाला पर्याय नाही, हे शासनाला आणि आयोगाला ठाऊक नाही असे नाही. चीनमध्ये शिकणारे हजारो भारतीय विद्यार्थी २०२० च्या आरंभी मायदेशी आले आणि दीर्घकाळ परत जाऊ शकले नाहीत. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनमधून आणखी हजारो परतले. त्यांत महाराष्ट्रातील मुलेही होती. या मुलांचे पडद्यावरील शिक्षण चालू असताना आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये बजावले की, केवळ ऑनलाइन पद्धतीने पूर्ण केलेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमास मान्यता नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर २८ जुलै २०२२ च्या योजनेनुसार, ज्यांनी ३० जून २०२२ पर्यंत अभ्यासक्रम पुरा केला होता अशा परतलेल्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना पात्रता परीक्षेस बसू देण्यात आले. मात्र आंतरवासिता एकऐवजी दोन वर्षांची करावी, अशी अट घालण्यात आली.

ही अट तत्त्वतः योग्यच होती. रुग्ण न पाहता कोणी डॉक्टर होऊ नये. परंतु मग देशातील महाविद्यालयांतून ज्यांची प्रात्यक्षिके हुकली, त्यांच्यासाठी काय योजना झाली? त्यांचे नुकसान परदेशातून परतलेल्यांइतके नव्हते, कारण त्यांना खंडित का होईना, वॉर्ड पाहावयास मिळाला. तरीही कोणाचे किती हुकले याची मोजणी करून, त्या प्रमाणात ते भरून काढण्याचा देशव्यापी कार्यक्रम झालेला नाही. हा भार प्रत्येक महाविद्यालयाच्या आणि विद्यार्थ्याच्या मर्जीवर सोडण्यात आला. ज्याचे महाविद्यालय चांगले, ज्याचे शिक्षक कळकळीचे, त्याचे भरून निघाले, बाकीच्यांचे नशिबावर.

स्वस्ताईचा मोह

खरा धोका मागे वळून पाहण्यात नाही, पुढे आहे. २०१४ पूर्वी देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती. आज ती सातशेहून अधिक आहेत. पदवीच्या जागा ५१ हजारांवरून १ लाख १० हजारांच्या वर गेल्या. डॉक्टरांची संख्या वाढावी हे योग्यच. पण इमारत दोन वर्षांत उभी राहते, शिक्षक उभा राहावयास पंधरा वर्षे लागतात. नव्या महाविद्यालयांतून अध्यापकांची पदे रिक्त असल्याच्या तक्रारी सर्वत्र आहेत. अशा वेळी ‘विद्यार्थी ऑनलाइन शिक्षणाने समाधानी होते’ हे वाक्य अर्थखात्याच्या हाती पडले, तर त्याचा उपयोग कशासाठी होईल हे उघड आहे. रिकाम्या पदांवर पडदा टाकण्यासाठी पडदाच वापरला जाईल.

यासोबत दुसरा प्रवाह आहे. जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे साथ भारतात पोहोचण्याच्या सुमारास, निती आयोगाने जिल्हा रुग्णालये खासगी वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडण्याच्या भागीदारीचा आराखडा पुढे आणला होता. खासगी संस्थेला शिकविण्यासाठी रुग्ण लागतात, आणि रुग्ण आहेत सरकारी रुग्णालयांत. कारण साधे आहे. ज्याच्याजवळ पैसा नाही तोच दहा विद्यार्थ्यांना आपले पोट तपासू देतो. केईएम असो, ससून असो, की घाटी असो, महाराष्ट्रातील डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या गरिबाच्या अंगावर हात ठेवून शिकल्या आहेत. हा गरीब माणूस वैद्यकीय शिक्षणातील बिनपगारी प्राध्यापक आहे. त्याच्या या योगदानाची परतफेड त्याला परवडणाऱ्या उपचारांनी व्हावयाची, हा सार्वजनिक रुग्णालयांमागील अलिखित करार आहे. रुग्णालय खासगी नफ्याशी जोडले की तो करार मोडतो.

१९४६ च्या भोर समितीने ‘सामाजिक वैद्य’ घडविण्याचे ध्येय देशापुढे ठेवले होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे वचन दिले. ऐन साथीच्या वर्षी, २०२१-२२ मध्येही, तो १.८४ टक्के होता. विद्यार्थ्याच्या ताणाचे आणि रुग्णाच्या हालाचे मूळ या दोन आकड्यांमधील अंतरात शोधावयास हवे.

करावयाचे काम

मागण्या फार मोठ्या नाहीत. साथीच्या काळातील तुकड्यांमधून जे डॉक्टर आज सेवेत आहेत, त्यांच्यासाठी शासनाने आपल्या खर्चाने, पगारी रजा देऊन, कौशल्यांचे पुनःशिक्षण योजावे. त्यात शिक्षेचा वास नसावा. ऑनलाइन पद्धती सिद्धान्ताच्या व्याख्यानांना पूरक म्हणून राहावी. रुग्णालयातील आणि शवविच्छेदनातील तासांना ती कोणत्याही रूपाने पर्याय ठरू नये, असा स्पष्ट नियम असावा. रिक्त अध्यापकपदे भरल्याविना नव्या जागांना मान्यता देऊ नये. पुढील साथीत वसतिगृहे सरसकट रिकामी न करता, ज्यांच्या घरी अभ्यासाची सोय नाही त्यांना तेथे सुरक्षित राहू देण्याची व्यवस्था आताच आखावी. विद्यार्थ्यांच्या समित्यांना परीक्षा व शुल्काच्या निर्णयांत स्थान असावे. आणि साथीतही विद्यार्थ्याला वस्तीत काम देता येते, हे विसरू नये. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने १९६९ मधील स्थापनेपासून विद्यार्थ्यांना खेड्यात नेण्याचा परिपाठ ठेवला. आयोगानेही २०२१-२२ च्या तुकडीपासून प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेण्याचा कार्यक्रम सुरू केला आहे. पुरेसे संरक्षण व प्रशिक्षण दिले असते, तर घरी बसलेल्या कितीतरी मुलांना आपल्याच तालुक्यात रुग्णशोध, लसीकरण, आणि क्षय व मधुमेहाच्या रुग्णांची विचारपूस ही कामे देता आली असती. त्यांचे शिक्षण झाले असते आणि गावाची सोयही.

कार्यकर्त्यांनी हा विषय ‘सुशिक्षितांच्या मुलांचा प्रश्न’ म्हणून बाजूस सारू नये. तालुक्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री अकरा वाजता बाळंतपणाला आलेल्या बाईला जो डॉक्टर भेटणार आहे, तो कोठे आणि कसा शिकला हा तिच्या जिवाचा प्रश्न आहे. जिल्हा रुग्णालयाच्या अभ्यागत समितीत, जिल्हा परिषदेच्या आरोग्य सभेत, विद्यापीठाच्या अधिसभेत जेथे जेथे आपला माणूस आहे, तेथे त्याने तीन प्रश्न लावून धरावेत : अध्यापकांची किती पदे रिक्त आहेत, वॉर्डातील किती तास प्रत्यक्ष होतात, आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहे कोणत्या स्थितीत आहेत. या तीन प्रश्नांची खरी उत्तरे मिळू लागली, तर समाधानाच्या प्रश्नावल्या वाटण्याची गरज पुष्कळशी कमी होईल.